समजून घ्या : चूल बदलायची की चुलीत जाळी बसवायची? कमी खर्चात धूर कसा कमी कराल?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या अनेक घरांत आज गॅस आणि चूल दोन्ही एकत्र नांदतात. ओट्यावर शेगडी असते आणि मागच्या पडवीत चूल धगधगत असते. सकाळचा चहा, मुलांचा डबा, अचानक आलेला पाहुणा यांसाठी गॅस. तांदळाची भाकरी, भाताचं मोठं पातेलं, गुरांचं आंबोण आणि घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी हे मात्र लाकडावर. सिलिंडर संपला, गाडी गावापर्यंत आली नाही किंवा दरड कोसळून रस्ता बंद झाला, तर सगळा भार पुन्हा चुलीवर.

म्हणजे चूल इतक्यात जात नाही. मग ती कमी धुराची, कमी लाकडात चालणारी कशी करायची? बाजारात लोखंडी चुली आहेत, सिमेंटच्या निर्धूर चुली आहेत, पंख्याच्या चुली आहेत. घरात आहे त्याच मातीच्या चुलीत बसवता येईल अशी लोखंडी जाळीही आहे. पैसे मोजके असतील तर ते आधी कुठे घालायचे, ते पाहू.

गॅस आला, तरी चूल का टिकली?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि गरीब कुटुंबांना गॅस जोडणी मिळाली. ऑक्टोबर २०२३ पासून या लाभार्थ्यांना एका सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान देण्याचा निर्णय झाला. राज्यानेही २०२४ मध्ये पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत भरून देण्याची अन्नपूर्णा योजना जाहीर केली. तरीही शेतातलं, बांधावरचं, परसातलं लाकूड ‘फुकट’ असल्याने सिलिंडर पुरवून पुरवून वापरला जातो.

शिवाय या भागात आपत्तीचा अनुभव आहे. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेलं, घाटाकडच्या गावांत दरडी आल्या. अशा दिवसांत चूल हाच आधार असतो. म्हणून ‘चूल सोडा’ हा सल्ला देणं सोपं असलं, तरी तो पाळणं अवघड आहे. गॅस जितका परवडेल तितका वापरावाच. पण उरलेली चूल सुधारणं हेही तितकंच गरजेचं आहे.

धुराने नक्की काय होतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरातल्या प्रदूषित हवेमुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. हृदयविकार, पक्षाघात, दम्यासारखा दीर्घकाळचा फुप्फुसविकार, फुप्फुसाचा कर्करोग आणि लहान मुलांचा न्यूमोनिया यांच्याशी चुलीच्या धुराचा संबंध आहे. मोतीबिंदूचाही आहे. सर्वाधिक फटका चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आणि तिच्या कडेवरच्या मुलाला बसतो.

डोळ्यांना झोंबणारा धूर निदान कळतो. कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग असतो, ना वास. धूर दिसत नाही, फक्त निखारे लाल आहेत, तेव्हाही तो तयार होत असतो. म्हणून थंडीत ऊब मिळावी म्हणून निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं जीवघेणं ठरू शकतं. चूल कितीही चांगली घेतली, तरी हा नियम बदलत नाही.

जुन्या चुलीत लाकूड एवढं का लागतं?

तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत लाकडातली जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते. बाकीची बाजूने निघून जाते. लाकूड थेट राखेवर पडलेलं असल्याने त्याला खालून हवा मिळत नाही. हवा कमी पडली की लाकूड पुरतं जळत नाही आणि न जळलेला भाग धूर होऊन बाहेर पडतो. धूर म्हणजे वाया गेलेलं जळणच.

हिशेब करून पाहू. एका किलो सुक्या लाकडात साधारण १५ मेगाज्यूल उष्णता असते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून भांड्याला प्रत्यक्षात साधारण ३९० मेगाज्यूल उष्णता मिळते. तेवढीच उष्णता साध्या चुलीवर मिळवायला, १२ टक्के कार्यक्षमता धरली, तर सुमारे २१५ किलो लाकूड लागतं. २५ टक्के कार्यक्षमतेच्या चुलीला शंभर किलोच्या आसपास पुरतं.

एक मोळी २० ते २५ किलोची धरली, तर एका सिलिंडरच्या बदल्यात नऊ-दहा मोळ्या की चार-पाच, एवढा हा फरक आहे. रानातून डोक्यावर मोळी आणणाऱ्या बाईला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आहे त्याच चुलीत जाळी बसवली तर?

सगळ्यात कमी खर्चाचा उपाय हाच आहे. लोखंडी सळ्यांची, चार छोटे पाय असलेली एक जाळी चुलीच्या पोटात ठेवायची. लाकूड जाळीवर राहतं, राख सळ्यांमधून खाली पडते आणि खालच्या मोकळ्या जागेतून हवा थेट निखाऱ्यांपर्यंत पोहोचते. फुंकणी कमी लागते, ज्योत लवकर धरते. राजस्थानात उदयपूरच्या परिसरात अशी जाळी ‘मेवाड अंगीठी’ या नावाने वापरून पाहिली गेली आहे.

ती बनवायला कंपनी लागत नाही. लोहार किंवा वेल्डिंगचं दुकान पुरेसं आहे. नमुन्यादाखल एक माप पाहा. चुलीचं पोट आतून साधारण २० सेंटिमीटर रुंद असेल, तर २० सेंटिमीटर लांबीच्या आठ सळ्या, त्यांना जोडणाऱ्या १८ सेंटिमीटरच्या दोन आडव्या सळ्या आणि ५ सेंटिमीटरचे चार पाय. एकूण सव्वादोन मीटरच्या आत सळई लागते. ८ मिलिमीटरची सळई घेतली तर वजन एक किलोच्याही आत, सुमारे ८५० ग्रॅम भरतं. १० मिलिमीटरची घेतली तर सव्वा ते दीड किलो. दर विचारताना लोखंडाचं वजन आणि मजुरी वेगवेगळी विचारा, म्हणजे भाव लगेच कळतो. दुकानात उरलेले तुकडे मिळाले तर आणखी स्वस्त पडतं.

जाळी करून घेताना चार गोष्टी बघा.

पहिली, दोन सळ्यांमधली फट दीड सेंटिमीटरच्या आसपास हवी. जास्त असेल तर निखारे खाली पडतात, कमी असेल तर राख अडकते.

दुसरी, जस्ताचा मुलामा दिलेली किंवा रंगवलेली सळई घेऊ नका. तापल्यावर त्यातून अपायकारक धूर येतो. साधं काळं लोखंडच योग्य.

तिसरी, जाळीमुळे लाकूड वर उचललं जातं. त्यामुळे लाकूड आणि भांड्याचा तळ यांच्यात ज्योतीला जागा उरते ना, ते पाहा. चूल उथळ असेल तर भांडं टेकण्याचे मातीचे उंचवटे थोडे वाढवून घ्या.

चौथी, जाळीखालची राख रोज काढा. राख भरली की हवा बंद होते आणि जाळी असून नसल्यासारखी होते.

लोखंड रोज तापून हळूहळू झिजतं, सळ्या वाकतात. जाळी कायमची नाही, हे धरूनच चाला.

जाळी बसवली म्हणजे घर धूरमुक्त झालं का?

नाही. जाळीने धूर कमी तयार होतो, पण जो होतो तो घरातच राहतो. त्याला बाहेर जायला वाट लागते आणि इथे घराचा प्रकार महत्त्वाचा ठरतो.

जुन्या कौलारू घरात धूर कौलांच्या फटींतून आपोआप निघून जायचा. आता अनेकांनी स्लॅबची घरं बांधली, पण चूल तीच राहिली. स्लॅबखाली धूर कोंडतो. त्यामुळे पक्क्या घरात आल्यावर धुराचा त्रास वाढू शकतो. घर बांधताना किंवा दुरुस्त करताना चुलीच्या वर, छताला लागून एक झरोका आणि समोरच्या भिंतीत खाली हवा येण्याची जागा ठेवली, तर पुढचा बराच खर्च वाचतो. शक्य असेल तर चूल मागच्या पडवीत, पण पावसाच्या झडीपासून आडोशाला असावी.

कौलारू घरातली वडीलधारी मंडळी सांगतात की धुराने वाशांना कीड लागत नाही, माळ्यावर ठेवलेलं बियाणं टिकतं. त्यात तथ्य आहे. पण त्यासाठी माणसांनी दिवसाचे चार-पाच तास धुरात बसायची गरज नाही. बियाणं उन्हात चांगलं वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात राखेत ठेवता येतं. वाशांना कीडनाशक तेलाचा हात देता येतो.

धुराड्याची निर्धूर चूल घ्यावी का?

स्वयंपाक घरातच होणार असेल, तर धुराडं असलेली चूल हा चांगला पर्याय आहे. केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ मध्ये थांबला, तोवर देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या होत्या. महाराष्ट्रात या कामात पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेचा मोठा वाटा राहिला. तिची दोन भांड्यांची, धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल साच्यातून बनते. त्यामुळे आतल्या पोकळीची मापं चुकत नाहीत. पुढच्या तोंडावर एक भांडं आणि मागे वैलावर दुसरं, ही सवय आपल्याकडे आहेच.

मात्र त्या साडेतीन कोटी चुलींपैकी बऱ्याच काही वर्षांत बंद पडल्या. कारण काय? नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातील गावांत सुधारित चुलींचा चार वर्षांपर्यंत मागोवा घेतला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. पुढे दुरुस्ती आणि साफसफाई होईनाशी झाली, वापर घटला आणि फायदा नाहीसा झाला. आरोग्यात किंवा जळणाच्या खर्चात फरक दिसला नाही.

म्हणून धुराड्याची चूल घेण्याआधी एक प्रश्न घरातच विचारा: धुराडं कोण साफ करणार? काजळी साचली की धूर उलटा घरात येतो. महिन्यातून एकदा तारेच्या ब्रशने साफ करायचं ठरलं आणि ते घरातल्या पुरुषाने अंगावर घेतलं, तरच हा खर्च करा.

धुराडं साधारण चार इंच व्यासाचं असावं. ते छताच्या वर दोन-तीन फूट जावं आणि त्यावर टोपी असावी. कौलांतून बाहेर काढताना सांधा नीट बंद केला नाही, तर कोकणातला पाऊस थेट चुलीत उतरतो. लाकडी वासे, प्लास्टिकची ताडपत्री यांच्यापासून पाइप लांब ठेवा. अॅस्बेस्टॉसचा पाइप घेऊ नका, पीव्हीसीचा तर नकोच.

तयार लोखंडी चुलींचं काय?

या दोन प्रकारच्या असतात. पहिलीत हवा आपोआप खेळते. दुसरीत बॅटरीवरचा किंवा विजेवरचा छोटा पंखा हवा देतो. सुवाह्य चुलींसाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस १३१५२. त्यानुसार पहिल्या प्रकाराची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के हवी. एक मेगाज्यूल उपयुक्त उष्णतेमागे धुराचे कण पहिल्या प्रकारात ३५० मिलिग्रॅमच्या आणि पंख्याच्या चुलीत १५० मिलिग्रॅमच्या आत असावे लागतात. विकत घेताना या मानकाचा आकडा विचारा. ‘७० टक्के धूर कमी’ अशी जाहिरात असेल, तर कशाच्या तुलनेत आणि कुणी तपासलं, तेही विचारा.

आकडे चांगले असले तरी रोजच्या वापराची परीक्षा वेगळी असते.

भाकरी शेकायला चुलीच्या तोंडाशी निखारे ओढता आले पाहिजेत. अरुंद तोंडाच्या लोखंडी चुलीत ते जमत नाही आणि बाई पुन्हा मातीच्या चुलीकडे वळते.

पंख्याच्या चुलीला बारीक फोडलेलं लाकूड लागतं. ते रोज कोण फोडणार? पावसाळ्यात वीज गेली तर बॅटरी किती तास चालते?

घरातलं सगळ्यात मोठं पातेलं त्यावर डळमळत नाही ना, हे दुकानातच ठेवून बघा.

या चुलींना बहुधा धुराडं नसतं. त्या पडवीत किंवा खिडकीजवळच वापराव्या. मात्र एक फायदा आहे: त्या उचलता येतात. सावित्री-गांधारीच्या पुराचा धोका असलेल्या घरांत पाणी चढू लागलं तर चूल माळ्यावर नेता येते. मातीची चूल पाण्यात विरघळून जाते.

आंघोळीच्या पाण्याचं काय करायचं?

लाकूड स्वयंपाकाला जास्त लागतं असं आपल्याला वाटतं. पण २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला साध्या चुलीवर सुमारे एक किलो लाकूड जातं. पाच माणसांच्या घरात रोजचं पाच किलो. म्हणजे चार-पाच दिवसांत एक मोळी फक्त न्हाणीत जळते.

त्यामुळे जाळी बसवायची तर आधी न्हाणीच्या चुलीत बसवा. तिथे भाकरीची अडचण नाही आणि बचत लगेच दिसते. हंड्यावर झाकण ठेवा. जुना तांब्याचा बंब घरात पडून असेल तर तो दुरुस्त करून घ्या. बंबात मधल्या नळीतून आग आणि धूर वर जातो, भोवती पाणी असतं. त्यामुळे उष्णता कमी वाया जाते. बंब नेहमी उघड्यावर किंवा हवेशीर जागी पेटवा.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. कुठूनही मिळालेले रसायनांचे रिकामे पिंप कापून त्याची चूल किंवा बंब करू नका. तशा मालाच्या पॅकिंगची लाकडंही जाळू नका. आत काय होतं ते कळत नाही, आणि बंद पिंप कापताना स्फोटही होऊ शकतो. पेटवण्यासाठी प्लास्टिक किंवा टायरचे तुकडे टाकण्याची सवयही सोडायला हवी.

सगळ्यात स्वस्त उपाय कोणता?

सुकं लाकूड. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणीच असू शकतं. आधी ते पाणी वाफ होऊन जाण्यात उष्णता खर्च होते आणि मगच भांडं तापतं. ओल्या लाकडावर कोणतीही चूल, कितीही महाग असली तरी, धूर करणारच.

जळण मार्चपर्यंत फोडून ठेवा, मनगटापेक्षा जाड नको. जमिनीवर दगड किंवा आडवी लाकडं टाकून त्यावर रचा, म्हणजे खालून हवा खेळते. पहिल्या पावसाआधी रास छपराखाली न्या, बाजू मोकळ्या ठेवा. सगळीकडून ताडपत्रीने गुंडाळलं तर ओल आतच राहते. लाकूड सुकलं का, हे ओळखायला दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला तर सुकं, दबका आला तर ओलं. सुक्या लाकडाच्या टोकांना भेगाही पडलेल्या दिसतात.

चूल सुधारली, हे कसं ओळखायचं?

घरीच तपासता येतं. एक किलो सुकं लाकूड तोलून घ्या. झाकणाच्या पातेल्यात पाच लिटर पाणी ठेवा आणि जुन्या चुलीवर उकळी येईपर्यंत तापवा. उरलेलं लाकूड विझवून तोला. दुसऱ्या दिवशी तेच पातेलं, तेवढंच पाणी, त्याच राशीतलं लाकूड घेऊन जाळी बसवलेल्या चुलीवर करा. दोन-तीन वेळा करून पाहा. लाकूड कमी लागलं आणि चुलीपुढे बसणारीचे डोळे कमी चुरचुरले, तर बदल उपयोगी आहे. फरक पडला नाही, तर जाळीची उंची आणि राखेची जागा पुन्हा बघा. शेजारच्या घरी नवी चूल असेल, तर हाच प्रयोग तिथे करून मगच पैसे मोजा.

मग क्रम काय ठेवावा?

आधी लाकूड सुकवा, त्याला पैसे लागत नाहीत. मग न्हाणीच्या आणि स्वयंपाकाच्या चुलीत जाळी बसवा. त्यानंतर झरोका किंवा पडवी करून धुराला वाट द्या. एवढं झाल्यावरच धुराड्याच्या किंवा तयार चुलीचा विचार करा, आणि तोही ती रोज वापरणारीला विचारून. घरात लहान बाळ, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर मात्र हा क्रम बाजूला ठेवा. त्या महिन्यांत स्वयंपाक जास्तीत जास्त गॅसवर करा आणि अनुदानाचे सिलिंडर त्यासाठी राखून ठेवा.

चूल विकत घेताना भाव विचारला जातो, रंग बघितला जातो, वॉरंटी विचारली जाते. त्या चुलीपुढे रोज बसणार कोण आणि तिला काय हवंय, हा प्रश्न बहुतेक घरांत शेवटी येतो. तो पहिला विचारला, तर निम्मा खर्च वाचेल.